नव्या गावात पहिला कागद

मे संपून जून लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. वाटणीचे, बांधाचे प्रश्न मागे पडतात आणि "आम्ही नुकतेच कोल्हापुरात राहायला आलोय" अशी सुरुवात असलेली पत्रं वाढतात. कुणाची बदली, कुणाच्या मुलांची शाळा, तर कुणाच्या घरातली म्हातारी माणसं गाव सोडून मुलाकडे आलेली. या वेळी त्यातलीच पाच पत्रं घेतली आहेत.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्याचं कारण आधी सांगते. १९९९ साली लग्न होऊन मी बार्शीहून कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. करार तोंडी. घरमालक लाइटबिलाची झेरॉक्स द्यायला तयार नव्हते. "उद्या तुम्ही घरावर हक्क सांगाल," म्हणायचे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून गॅसही नाही आणि सरकारी दराचं रॉकेलही नाही. आठ महिने मी जादा दराने रॉकेल घेऊन वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. ओट्यामागची भिंत काळी पडली, आणि घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले गेले. पुढे सनद घेतली, वकिली सुरू केली, तेव्हापासून भाड्याच्या घराचं काम घेऊन कुणी आलं की मी सगळ्यात आधी विचारते, "कागद काय आहे?"

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून राजारामपुरीत फ्लॅट बघितला आहे. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ५०,००० रुपये. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ. मित्रही तेच सांगतात. हे बरोबर आहे का? सोसायटीचे सेक्रेटरी आणखी वेगळं ना-हरकत पत्र मागतायत. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, बरोबर नाही. हा गैरसमज इतका मुरलेला आहे की शिकलेली माणसंसुद्धा तो छातीठोकपणे सांगतात. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, असं जुना नोंदणी कायदा म्हणतो. अकरा महिन्यांची पद्धत त्यातूनच पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा.

आता नीट लक्ष द्या. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. त्यांनी तो नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकांना हे शांतपणे समजावून सांगा. नोंदणी करण्यात त्यांचंही भलं आहे. मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घराचा ताबा लवकर मिळवता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नोटरीच्या कागदावर विसंबलेल्या मालकाला ही वाट अवघड जाते.

खर्चाची भीती घालतात, म्हणून हिशोबच मांडते. अकरा महिन्यांचं भाडं ९९,००० रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं साधारण ४,६०० रुपये. दोन्ही मिळून १,०३,६००. त्याच्या पाव टक्का म्हणजे तीनशे रुपयांच्या आतबाहेर मुद्रांक शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. बाकी खर्च एजंटाच्या मेहनतान्याचा, तो आधी ठरवून घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन रांग धरायची गरज राहिलेली नाही. माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो, आधार क्रमांक घालतो, वेबकॅमवर फोटो काढतो आणि काचेच्या छोट्या यंत्रावर अंगठा घेतो. बांधकामावर किंवा कारखान्यात राबणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात, यंत्र ते पटकन ओळखत नाही. अशा वेळी बोट धुवून, कोरडं करून, थोडं चोळून पुन्हा ठेवायचं. दुसरं बोटही चालतं. मंजुरी मिळाली की कराराची पीडीएफ येते. ती स्वतःला मेल करा, एक प्रत मालकांना द्या.

सही करण्याआधी मसुदा वाचा. छापील मसुद्यात तीन गोष्टी हमखास नसतात, त्या घालून घ्या. घर सोडल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत मिळेल तो आकडा. ताबा घेतला त्या दिवशीचं वीजमीटरचं रीडिंग. आणि घरात काय काय आहे, कशा अवस्थेत आहे याची यादी. पंखे किती, गीझर चालू की बंद, बाथरूमच्या दाराची कडी मोडकी आहे का, भिंतीला ओल आहे का, सगळं लिहा आणि राहायला जायच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. माझ्याकडे ती एक काळी भिंत होती आणि आधी ती कशी होती हे दाखवायला काहीच नव्हतं.

सोसायटीचं म्हणाल, तर भाडेकरू ठेवल्याचं सोसायटीला कळवणं आणि कराराची प्रत देणं हे मालकाचं काम आहे. सोसायटीच्या परवानगीवाचून घर भाड्याने देता येत नाही, हे खरं नाही. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं शुल्क, घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तो भार मालकाचा, तुमचा नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचं काम. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या होतं. नाहीतर तुमच्या हद्दीतल्या, म्हणजे राजारामपुरी पोलीस ठाण्यात अर्ज, फोटो आणि आधारची प्रत द्यायची. मालक टाळाटाळ करत असतील तर तुम्ही स्वतः आठवण करून द्या. यात तुमच्यावर संशय घेतल्यासारखं काही नाही.

प्रश्न : ताई, आम्ही कर्नाटकातल्या निपाणीचे. यजमानांची बदली झाल्यामुळे मार्चपासून कोल्हापुरात आहोत. आमच्या दुचाकीचा नंबर केए-२३ आहे. ओळखीचे म्हणतात, निपाणी इथून चाळीस किलोमीटर, कोण विचारतंय? दुसरं, मतदान निपाणीतच ठेवलं तर चालेल का? मुलगा सहावीत जाणार, तिथल्या शाळेचा दाखला अजून हातात नाही. आणि आम्ही मराठीच आहोत, तर महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला लगेच मिळेल ना? — एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : ताई, आधी मुलाचं बघा, कारण शाळा थांबत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलायचा हक्क दिला आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, "दाखला मागवला आहे, आला की जमा करू" असं त्यात लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. तोंडी विनंतीला तोंडी नकार मिळतो. अर्जावर नकार लिहायची पाळी आली की बहुतेक जण विचार करतात. मुलाचं मराठी वाचन कच्चं असेल तर सुट्टीतच रोज अर्धा तास घेऊन बसा. घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा जोडाक्षरांना अडतात, हे मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत पाहिलं आहे.

गाडीबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली की इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात पुढच्या मार्चपर्यंत वेळ आहे. पण शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आधी मूळच्या आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत आणायची, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. मग इथे ताराबाई पार्कच्या आरटीओत नमुना २७ भरून महाराष्ट्राचा कर भरायचा, की एमएच-०९ चं पासिंग मिळतं. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, तो अर्ज विसरू नका. दुचाकीची रक्कम लहान वाटते म्हणून लोक सोडून देतात. तुमचा पैसा आहे, मागून घ्या. गाडी अडवली तर "आम्ही इथे कधीपासून आहोत" याचा पुरावा म्हणून नोंदलेला भाडेकरार उपयोगी पडतो, त्याच्यावर तारीख असते. सांगली-साताऱ्याहून आलेल्यांना मात्र नंबर बदलायची गरज नाही. राज्य एकच आहे, फक्त पत्ता बदलल्याचं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं.

मतदान दोन्हीकडे ठेवता येत नाही, आणि जिथे राहत नाही तिथे ठेवणंही योग्य नाही. नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नमुना ८ भरायचा, त्यात "निवास बदलला" हा पर्याय आहे. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवरून होतो किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, देता येतो. नवीन नमुना ६ भरला आणि जुनं नाव लपवलं तर ते खोटं निवेदन ठरतं, त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. काही अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करा. इथे कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण आणि करवीर असे तीन विधानसभा मतदारसंघ एकमेकांना चिकटून आहेत. शेजारच्या घराचं मतदार ओळखपत्र बघून आपला कोणता ते ठरवा, अंदाजाने भरू नका.

डोमिसाइल मात्र लगेच मिळणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. भाषा मराठी असणं आणि अधिवास असणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं, पण खरं तेच सांगायला हवं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या काही वेगळ्या सवलती आहेत आणि निपाणी त्यात येतं. त्यासाठी तिथल्या वास्तव्याचाच पुरावा लागतो. म्हणून निपाणीचं जुनं रेशनकार्ड, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या रद्दीत घालू नका. मुलगा बारावीला पोचेल तेव्हा त्या शोधाल.

प्रश्न : माझी मुलगी शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आहे, सागरमाळजवळ खोली घेऊन राहते. तिचा आधारचा पत्ता बदलावा का? — एक पालक, माणगाव

उत्तर : दोन वर्षांसाठी बदलू नका. गावचं घर तेच राहणार असेल तर आधार, बँक, शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच पत्त्यावर राहिलेले बरे. खोलीचा करार मात्र नोंदलेला हवा, आणि तो मुलीच्या नावावर हवा, मैत्रिणीच्या नावावर नको.

प्रश्न : आई-वडील संगमेश्वरहून आमच्याकडे कळंब्याला कायमचे आले. वडील पेन्शनर. रेशनकार्ड, आधार, गॅस हे सगळं कसं हलवायचं? आणि रहिवासी दाखल्यासाठी महापालिकेत गेलो तर "तुम्ही आमच्याकडे येत नाही" म्हणाले. आम्ही पत्ता तर कोल्हापूरच लिहितो. — एक वाचक, कळंबा

उत्तर : ही गफलत आपल्याकडे फार जणांची होते. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून तिची हद्द वाढलेली नाही. शहर मात्र कधीच हद्दीबाहेर गेलं. पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा इथली कॉलनी बघून कुणी गाव म्हणणार नाही, तरी कारभार ग्रामपंचायतीचा. वर बांधकामाच्या परवानगीपुरतं बेचाळीस गावांचं वेगळं प्राधिकरण २०१७ पासून आहे. घर घेतलेलं असो वा भाड्याचं, पहिल्या आठवड्यात घरपट्टीची पावती बघा. ती ज्याच्या नावाची, ते तुमचं कार्यालय. पाण्याची तक्रार, जन्म-मृत्यूची नोंद, विवाहनोंदणी सगळं तिथेच.

आधारसाठी आई-वडिलांच्या नावाचा पत्त्याचा पुरावा शोधत बसू नका. कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे. नात्याचा पुरावा जोडायचा आणि तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर संमती मागणारा संदेश येतो, ती तीस दिवसांत द्यायची. रेशनकार्ड हलेपर्यंत धान्य अडत नाही. आधार जोडलेलं असेल तर कळंब्यातल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. कार्ड तुमच्यात मिळवायचं असेल तर संगमेश्वरच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इथे नाव वाढवायचा अर्ज. गॅसचं कनेक्शन नको असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथल्या एजन्सीत जमा करा आणि अनामत परत घ्या. कुणाला तरी तसाच देऊन येऊ नका, कनेक्शन नावावर राहतं. वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात संगमेश्वरला जायची गरज नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून होतो.

रहिवासी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत गेलात आणि कुणी शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला, तर देऊ नका. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. बहुतेक ठिकाणी तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरतं. गरिबाच्या घरात पाचशे रुपये म्हणजे आठवड्याचा बाजार असतो.

प्रश्न : रमणमळ्यात तळमजल्याचं घर फार कमी भाड्यात मिळतंय. मी जळगावचा आहे, इथल्या पुराबद्दल फक्त ऐकलं आहे. मालक म्हणतात, पाणी "कधीतरीच" येतं. घ्यावं का? — एक वाचक, सध्या लॉजवर मुक्काम

उत्तर : दादा, मालकांना पाणी किती येतं ते विचारू नका, भिंतीला विचारा. जिन्याखाली, कपाटाच्या मागे, बाहेरच्या संरक्षक भिंतीवर बघा. नवा रंग दिला तरी एका उंचीच्या खाली गिलावा फुगलेला असतो, बोटाने दाबला की भुसभुशीत लागतो. दाराच्या चौकटीचा खालचा भाग बदललेला आहे का ते बघा. स्विचबोर्ड नेहमीपेक्षा वर, डोक्याच्या उंचीला घेतलेले असतील तर त्या घराने काय पाहिलं आहे ते तुम्हाला कळेल. शेजारच्या दोन घरांत जाऊन २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं, एवढंच विचारा. लोक हात वर करून दाखवतात.

आकडे लक्षात ठेवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात इथला प्रत्येक माणूस सकाळी उठून हा आकडा बघतो. त्या दोन्ही वर्षी नदी पन्नास फुटांच्या कितीतरी वर गेली होती. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, जामदार क्लबचा भाग लवकर पाण्यात जातो, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडे त्यानंतर. पूररेषेचे नकाशे आहेत. निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या, आतलं घर मी तरी कुणाला सुचवणार नाही. वरचा मजला मिळत असेल तर जादा भाडं देऊन तो घ्या.

तरीही तेच घर घ्यायचं ठरलं, तर करारात एक कलम घाला : पुराच्या पाण्यामुळे घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं लागणार नाही आणि पाण्याने झालेलं नुकसान डिपॉझिटमधून कापलं जाणार नाही. आणि करार नोंदवा. २०१९ चं पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, तेव्हा माझ्यासमोर एक कुटुंब येऊन बसलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं, एका बोचक्यात ओले कपडे. सहा वर्षं एकाच खोलीत भाड्याने, नळाला पाणी भरणारे शेजारी त्यांना ओळखत होते, पण ते तिथे राहतात असं सांगणारा एकही कागद नव्हता. मदतीच्या यादीत नाव घालायला पुरावा मागत होते. शेजाऱ्यांचे जबाब, मुलांच्या शाळेतला पत्ता, दवाखान्याची एक जुनी चिठ्ठी असं गोळा करत आम्ही तीन आठवडे फिरलो. नाव लागलं, पण ते तीन आठवडे ती मुलं नातेवाइकांच्या व्हरांड्यात झोपत होती.

करार, आधार, मुलांचे दाखले, बँकेची पुस्तकं हे सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवा आणि ती पिशवी दिवाणात नको, माळ्यावर. मोबाइलवर डिजिलॉकर उघडून ठेवा. पंचगंगा ३९ फुटांवर पोचल्याचं कळलं की गाडी उंचावर नेऊन लावा, मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, आणि ४३ ची वाट न बघता बाहेर पडा.